जेवल्यावर पोट दुखतं, सोनोग्राफी नॉर्मल. मग सीटी अँजिओ कशासाठी?

प्रश्न : माझे सासरे ६७ वर्षांचे आहेत, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. बारा वर्षांपासून शुगर आहे, बीपीची गोळीही चालू आहे. चार महिन्यांपासून जेवण झालं की अर्ध्या तासात बेंबीच्या वर पोट दुखायला लागतं आणि दोन तास थांबत नाही. आता ते ताटावर बसायलाच घाबरतात. वजन ६३ वरून ५४ किलोवर आलं. एन्डोस्कोपी नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल. धंतोलीतल्या डॉक्टरांनी पोटाची सीटी अँजिओग्राफी लिहून दिली आहे. पण किडनीच्या तपासणीतलं दोन महिन्यांआधीचं क्रिएटिनिन १.६ आहे आणि शेजारचे म्हणतात, डाय दिला की किडनी जाते. सेंटरवर विचारलं तर म्हणाले, साधं कॉन्ट्रास्ट सीटी करून घ्या, तेही पोटाचंच आहे आणि स्वस्तात होतं. मामाजी म्हणतात, अँजिओ म्हणजे मांडीतून तार घालणार, मी येत नाही. शुगरसाठी ते मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेतात, गुडघ्यांसाठी रोज डायक्लोफेनॅक. झिंगे खाल्ले की अंगावर पित्ताच्या गांधी येतात. बिडी सुटली, तंबाखूचा खर्रा सुटला नाही. इतक्या उन्हात हे करावं की पाऊस लागल्यावर?
– एक सून, मानेवाडा, नागपूर

उत्तर : पावसाची वाट पाहू नका. चार महिन्यांत नऊ किलो वजन जाणं, जेवणानंतर ठरावीक वेळेला दुखणं, दुखण्याच्या भीतीनं जेवण तोडणं, आणि त्याच्यामागे जुनी शुगर, बीपी, बिडी-खर्रा, हे सगळं एकत्र आलं की आतड्याला रक्त नेणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या असाव्यात अशी शंका यायलाच हवी. तुमच्या डॉक्टरांना ती आली आणि त्यांनी नेमकी तपासणी लिहिली. ती याच आठवड्यात व्हावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पण बाकीचं सांगण्याआधी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावी. मामाजींना कधी अचानक, जेवणाशी संबंध नसलेली, सहन न होणारी पोटदुखी सुरू झाली, अर्ध्या-पाऊण तासात उतरली नाही, सोबत उलटी झाली किंवा संडासातून रक्त गेलं, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही. लगेच मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत न्यायचं, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात. अरुंद धमनीत गुठळी अडकून ती पूर्ण बंद झाली तर साधारण सहा तासांत आतडं मरायला लागतं. सुरुवातीला पोट हाताला मऊच लागतं, त्यामुळे ‘गॅस असेल’ म्हणून वेळ जातो. अशा वेळी क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठीही सीटी अडवून ठेवत नाहीत, कारण किडनीपेक्षा आतड्याचा धोका फार मोठा असतो. मेडिकल, मेयो, एम्स किंवा धंतोली-रामदासपेठेतलं एखादं रुग्णालय, यांपैकी तुमच्या घरून पटकन कुठे पोचता येतं आणि तिथे रात्री सीटी आणि पोटाची शस्त्रक्रिया दोन्ही होतात का, हे आजच विचारून ठेवा.

आता आजार समजून घेऊ. छातीतून पोटात उतरणाऱ्या महाधमनीला समोरच्या बाजूनं तीन फांद्या फुटतात. वरची सिलिअ‍ॅक, तिचं रक्त जठर, यकृत आणि प्लीहेला जातं. तिच्याखाली एखाद-दोन सेंटिमीटरवर सुपिरिअर मेसेंटेरिक, जिला डॉक्टर एसएमए म्हणतात. जवळपास सगळं लहान आतडं आणि मोठ्या आतड्याचा उजवा भाग हिच्यावर जगतो. आणखी खाली बारीकशी इन्फिरिअर मेसेंटेरिक, ती मोठ्या आतड्याच्या डाव्या भागाची. जेवण पोटात गेलं की आतड्याची रक्ताची गरज कितीतरी वाढते. धमनीच्या तोंडाशी चरबी-चुन्याचा (कॅल्शियमचा) थर बसला असेल तर उपाशी असताना भागतं, जेवल्यावर भागत नाही, आणि आतडं दुखून तक्रार करतं. जिना चढताना छाती भरून येते त्यातलाच हा प्रकार, फक्त पोटातला. वजन घटतं ते मुख्यतः पचन बिघडल्यामुळे नाही, माणूस खाणंच कमी करतो म्हणून.

या तिन्ही धमन्या आतून छोट्या वाटांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यामुळे एकीचं तोंड अरुंद झालं तरी दुसऱ्या दोघी सांभाळून घेतात, आणि त्रास सहसा दोन धमन्या बऱ्याच अरुंद झाल्यावरच सुरू होतो. रिपोर्ट हातात येईल तेव्हा ही गोष्ट उपयोगी पडेल.

एन्डोस्कोपी नॉर्मल आली कारण ती जठराचं आतलं अस्तर पाहते. धमन्या त्याच्या पलीकडे, पाठीच्या कण्याला लागून असतात. सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे, यकृत, मूत्रपिंडं पाहिली जातात. धमन्यांची डॉपलर सोनोग्राफी वेगळी सांगावी लागते, सकाळी उपाशीपोटी करतात. तिच्यात एसएमएमधला रक्ताचा वेग सेकंदाला २७५ सेंटिमीटरच्या वर किंवा सिलिअ‍ॅकमधला २०० च्या वर गेला तर ती धमनी ७० टक्के किंवा जास्त अरुंद असल्याचा संशय घेतात. मामाजी सडपातळ असल्यानं डॉपलर चांगली दिसूही शकते. पण आतड्यातला गॅस मध्ये आला की काहीच दिसत नाही, करणाऱ्याचा हात सरावाचा लागतो, आणि पुढे उपचार ठरवायला नकाशा सीटीचाच लागतो. म्हणून ‘आधी डॉपलर, मग बघू’ असं करून पंधरा दिवस घालवू नका.

मामाजींची भीती नावामुळे आहे. अँजिओग्राफी म्हणजे रक्तवाहिन्यांचं चित्र, एवढाच त्याचा अर्थ. ते चित्र काढायच्या वाटा काळानुसार बदलल्या. १९२९ मध्ये लिस्बनला रेनाल्डो दुस सांतुस या सर्जननं पाठीतून थेट महाधमनीत लांब सुई घालून पोटातल्या धमन्यांचे पहिले एक्स-रे काढले. १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगरनं सुईतून तार, तारेवरून नळी ही पद्धत आणली, आणि मांडीतून जाणारी अँजिओ तिथून रुळली. मामाजींच्या मनात आहे ती हीच. सीटी अँजिओत मांडीला कुणी हातही लावत नाही. कोपराच्या खोबणीतल्या शिरेत सलाइनला लावतात तशी सुई लागते, डाय, म्हणजे धमन्या चित्रात उजळ दिसाव्यात म्हणून देतात ते आयोडीनचं द्रव, तिथूनच जातो आणि चित्र मशीन बाहेरून काढतं. भूल नाही, ॲडमिट होणं नाही. मशीनच्या टेबलावर सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. हे त्यांना असंच्या असं सांगा. मांडीतून किंवा हातातून नळी घालायची वेळ आलीच तर ती पुढे, स्टेंट बसवून धमनी उघडायची ठरली तर. तेव्हा ती उपचारासाठी असेल.

सेंटरवरचा सल्ला मात्र मानू नका. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, पण ‘तेही पोटाचंच’ हे इथे लागू पडत नाही. यंत्र तेच, डाय तोच; फरक वेळेचा आहे आणि या तपासणीचं सगळं यश वेळेवरच अवलंबून आहे.

साध्या कॉन्ट्रास्ट सीटीत डाय सेकंदाला दोन-तीन मिलीलिटरनं सोडतात आणि साधारण ७० व्या सेकंदाला चित्रं घेतात. तोवर डाय धमन्यांतून पुढे सरकून यकृत, शिरा, आतडी सगळीकडे पसरलेला असतो. गाठ, सूज, पू शोधायला ही वेळ चांगली. पण धमन्या तेव्हा फिक्या पडायला लागलेल्या असतात. सीटी अँजिओत डाय जोरात आणि आखूड वेळात सोडतात, म्हणजे तो एका लाटेसारखा जातो, आणि ती लाट पोटातल्या महाधमनीत ऐन भरात असताना चित्र घेतात. मामाजींच्या ५४ किलो वजनाला मिलीलिटरमागे ३५० मिलिग्रॅम आयोडीन असलेला डाय ६५ ते ८० मिलीलिटर पुरतो. तो सेकंदाला चार मिलीलिटरनं गेला तर वीस सेकंदांत संपतो, आणि त्याच्या मागोमाग त्याच वेगानं ३० ते ५० मिलीलिटर सलाइन ढकलतात. नाहीतर डायचा शेवटचा भाग हाताच्या शिरेतच पडून राहतो.

लाट पोटात कधी पोचेल हे घड्याळ लावून सांगता येत नाही. धडधाकट हृदयाच्या माणसात वीसेक सेकंद, हृदय अशक्त असेल तर पस्तीस-चाळीसही लागतात. म्हणून टेक्निशियन महाधमनीच्या मध्यभागी पडद्यावर एक छोटं वर्तुळ ठेवतो, डाय सुटला की मशीन त्या जागेची झटपट, कमी किरणांची चित्रं घेत राहतं, आणि वर्तुळातली घनता १०० ते १५० हाउन्सफील्डच्या वर गेली की काही सेकंदांत खरं स्कॅनिंग सुरू होतं. या मापात पाणी म्हणजे शून्य. सीटीचं यंत्र बनवणाऱ्या गॉडफ्री हाउन्सफील्डचं नाव मापाला दिलं आहे. पहिली चूक या वर्तुळापाशी होते. मधुमेहात महाधमनीच्या भिंतीला चुना बसलेला असतो. वर्तुळ त्या चुन्यावर सरकलं तर मशीनला वाटतं डाय आला, आणि स्कॅन लवकर सुटतं. धमन्या रिकाम्याच दिसतात आणि सगळं पुन्हा करायची वेळ येते.

दुसरी चूक सुईची. सेकंदाला चार मिलीलिटरचा जोर बारीक सुई झेलत नाही. कॅन्युलाला मागे रंगीत टोपी असते: हिरवी म्हणजे १८ नंबर, गुलाबी म्हणजे २०. दोन्हींपैकी एक, कोपराच्या खोबणीत, हे बरोबर. मनगटामागे निळी, म्हणजे २२ नंबरची, लावत असतील तर शांतपणे विचारा, ‘अँजिओ आहे ना, गुलाबी बसेल का?’ शिरा खरंच बारीक असतील तर वेग कमी करून भागवतात, पण तो निर्णय रेडिओलॉजिस्टनं घ्यायचा. डाय सोडण्याआधी त्याच जोरानं थोडं सलाइन मारून शीर टिकते का पाहतात. मामाजींना सांगून ठेवा: डाय जाताना सगळं अंग गरम होतं, तोंडात धातूची चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं, हे बहुतेकांना होतं आणि मिनिटभरात जातं. पण सुईच्या जागी आग झाली किंवा हात फुगला तर लाजायचं नाही, ओरडून सांगायचं. डाय शिरेबाहेर मांसात गेला तर लगेच थांबवतात, हात उंच ठेवतात, थंड शेक देतात. त्यानंतर फोड आले, बोटं बधिर झाली किंवा दुखणं वाढतच गेलं तर तसंच परत जायचं.

तिसरी चूक आपल्याकडे सवयीतून होते. पोटाचं सीटी म्हटलं की बऱ्याच ठिकाणी रुग्णाला तासाभर आधीपासून पांढरट किंवा डाय मिसळलेलं पाणी लिटरभर पाजतात. अँजिओत ते नको. आतड्यात पांढरं भरलं की बाजूच्या धमन्या त्यात लपतात आणि आतड्याच्या अस्तराला रक्त मिळतंय का हेही कळत नाही. इथे साधं पाणी चालतं, स्कॅनआधीच्या वीस-तीस मिनिटांत ५००-६०० मिलीलिटर. बुकिंग करतानाच विचारून घ्या. गेल्या काही दिवसांत बेरियम पाजून एक्स-रे काढला असेल तर तेही सांगा. आतड्यात उरलेलं बेरियम चित्रावर आडवे पट्टे ओढतं.

चिठ्ठीवर फक्त ‘सीटी अँजिओ ॲब्डॉमेन’ एवढंच असेल तर डॉक्टरांकडून दोन ओळी वाढवून आणा: ‘जेवणानंतर पोटदुखी, नऊ किलो वजन घट, मेसेंटेरिक धमन्या पाहायच्या, धमनी आणि पोर्टल दोन्ही फेज.’ या दोन ओळींचं मोल आम्हाला फार वाटतं. प्रश्न कळला तर रेडिओलॉजिस्ट तशी तपासणी आखतो. फेज म्हणजे ठरावीक वेळेला घेतलेली चित्रांची फेरी. आधी डायशिवाय एक फेरी, म्हणजे चुना कुठे आहे ते कळतं. मग धमन्यांची, मग ७० व्या सेकंदाच्या आसपास शिरांची, तीच पोर्टल फेज. दुसरी फेज का हवी? कारण ६७ व्या वर्षी वजन इतकं उतरलं असेल तर स्वादुपिंडाचा कर्करोगही नजरेआड करून चालत नाही, आणि तो या दोन फेजमध्ये मिळून चांगला दिसतो. आतड्याच्या शिरेत गुठळी असेल तर तीही दुसऱ्याच फेजमध्ये सापडते. म्हणजे स्वस्तातल्या तपासणीत जे मिळणार होतं ते यात मिळतंच, वर धमन्या मिळतात. किरणं थोडी जास्त लागतात. पोटाच्या एका फेजला साधारण आठ-दहा मिलिसिव्हर्ट, जगभर माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिळतात. या वयात, या लक्षणांत, तो सौदा नक्की परवडतो. मामाजी बारीक आहेत, म्हणून १२० ऐवजी १०० किलोव्होल्टवर स्कॅन करता येतं. त्यात आयोडीन जास्त उजळ दिसतं, किरणंही कमी लागतात आणि कधी डायही कमी लागतो.

आता किडनी, ज्याची तुम्हाला सगळ्यात जास्त धास्ती आहे. १.६ हा आकडा एकटा काही सांगत नाही. तो वय आणि स्त्री-पुरुष भेदासह ईजीएफआरमध्ये, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याच्या अंदाजात, बदलायचा असतो. ६७ वर्षांच्या पुरुषात १.६ म्हणजे ईजीएफआर साधारण ४७ येतो. त्याच वयाच्या बाईत तोच १.६ असेल तर ३५ च्या आसपास. आजच्या मार्गदर्शक सूचनांत डायची खरी काळजी ईजीएफआर ३० च्या खाली असेल किंवा किडनी गेल्या काही दिवसांत अचानक बिघडली असेल तेव्हा घेतात. तेव्हा शिरेतून सलाइन देऊन तपासणी करतात. ४७ ला शिरेतून दिलेल्या डायमुळे किडनी कायमची जाऊन डायलिसिस लागण्याची शक्यता फारच कमी आहे. शेजाऱ्यांनी ऐकलेल्या बऱ्याच गोष्टी जुन्या डायच्या काळातल्या, किंवा आधीच गंभीर असलेल्या रुग्णांच्या असतात.

तरी दोन बारकावे आहेत. एक, रिपोर्ट दोन महिन्यांचा जुना आहे आणि मध्ये खाणं-पिणं घटलं, ऊन वाढलं. क्रिएटिनिन पुन्हा करा, स्कॅनच्या दोन-तीन दिवस आधी. दुसरा बारकावा कुणी सहसा सांगत नाही: क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. नऊ किलो उतरलेल्या माणसाचे स्नायूही झिजलेले असतात, त्यामुळे क्रिएटिनिन खोटं कमी दिसतं आणि किडनी कागदावर जरा बरी वाटते. खरा आकडा ४७ पेक्षा थोडा खाली असू शकतो, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. सीमेवरचं वाटलं तर ते सिस्टॅटिन सी ही रक्ततपासणी सांगतील किंवा थोडं सलाइन देतील.

किडनीला वाचवायचं असेल तर डायच्या आधी डायक्लोफेनॅक बंद व्हायला हवं. रोजची ती गोळी, कमी पाणी आणि नागपूरचं पंचेचाळीस अंशांचं ऊन, हे त्रिकूट शुगरच्या माणसाच्या किडनीला डायच्या एका डोसपेक्षा जास्त घातक आहे. आजपासून थांबवा आणि गुडघ्यांसाठी डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉलवर या. बीपीच्या गोळीचं नाव डॉक्टरांना दाखवा, पण मनानं बंद करू नका. पाणी आदल्या दिवसापासून व्यवस्थित, तपासणीनंतर दिवसभरात दीड-दोन लिटर, हृदयाचा किंवा पायाला सूज येण्याचा त्रास नसेल तर. ‘किडनीसाठी’ म्हणून ॲसिटिलसिस्टीनच्या पुड्या लिहून मिळाल्या तर त्यांनी फायदा होत नाही असं मोठ्या चाचणीत दिसलं आहे. पाण्याची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

डायबरोबर मेटफॉर्मिन घेतलं की ते किडनी बिघडवतं, असं बरेच जण समजतात; ते उलटं आहे. किडनी बिघडली तर मेटफॉर्मिन शरीरात साचतं, भीती त्याची. ईजीएफआर ३० च्या वर आणि स्थिर असेल तर ते बंद करायची गरज नाही. काही सेंटर जुन्या नियमानं स्कॅननंतर ४८ तास बंद ठेवायला सांगतात. तसं केलं तर नुकसान नाही, फक्त त्या दोन दिवसांत घरी शुगर तपासत राहा आणि पुन्हा सुरू करायला विसरू नका. नव्या रिपोर्टमध्ये आकडा ३० च्या खाली आला तर मात्र मेटफॉर्मिन मुळातच चालत नाही, तो वेगळा विषय डॉक्टरांशी बोला. जास्त जपायचं आहे ते ग्लिमेपिराइडला. सकाळी गोळी घेऊन उपाशी बसवलं तर शुगर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, भोवळ येते. सेंटर चार तास उपाशी राहायला सांगेल. म्हणून सकाळची पहिली वेळ मागा, ग्लिमेपिराइड स्कॅननंतर नाश्त्याबरोबर द्यायची का ते आधीच विचारून ठेवा, आणि खिशात साखर ठेवा. उपाशी म्हणजे अन्न नाही. पाणी चालतं, प्यायलाच हवं. आठ वाजता पोचलात तर उन्हाच्या आत घरी परत याल.

झिंग्यांची ॲलर्जी इथे आड येत नाही. ती झिंग्यातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. फॉर्मवर लिहा, पण तेवढ्यावरून कुणी तपासणी नाकारू नये. महत्त्वाचं आहे ते आधी कधी डाय दिल्यावर गांधी, दम, चेहरा सुजणं असं झालं होतं का. झालं असेल तर आधी बारा-तेरा तासांपासून स्टेरॉइडच्या गोळ्या देऊन किंवा डाय बदलून करतात. थायरॉइड वाढलेलं असेल तर सांगा. आणि विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे, मामाजींना किंवा घरात कुणाला असेल तर तेही; डाय चालतो, फक्त शरीर कोरडं पडू द्यायचं नसतं. स्कॅन झाल्यावर अर्धा तास तिथेच बसा, सुई तोवर हातात राहू द्या. उशिरा उठणारी पुरळ आठवडाभरातही येऊ शकते, ती बहुधा सौम्य असते.

श्वासाची तालीम घरी करून जा. ‘श्वास घ्या, थांबा’ ऐकल्यावर साधा श्वास घेऊन दहा सेकंद हलायचं नाही. छाती फुटेस्तोवर श्वास ओढू नये. तसं केलं की पोटातून डाय नसलेलं रक्त हृदयाकडे खेचलं जातं आणि लाट पातळ होते. मामाजींना ऐकू कमी येत असेल तर टेक्निशियनला आधी सांगा.

रिपोर्टमध्ये तिन्ही धमन्यांची नावं वेगवेगळी आणि प्रत्येकीचं तोंड किती टक्के अरुंद आहे हे यायला हवं. ‘मेसेंटेरिक वाहिन्या नॉर्मल’ एवढी एक ओळ पुरेशी नाही. दोन धमन्या ७० टक्क्यांच्या वर असतील आणि जोडवाटा फुगलेल्या दिसत असतील तर मामाजींच्या दुखण्याचं उत्तर बहुधा मिळालं. एकटी सिलिअ‍ॅक अरुंद असेल तर घाई नको. श्वासपटलाचा एक पट्टा तिला वरून दाबतो, श्वास सोडल्यावर जास्त दाबतो, आणि अनेक निरोगी माणसांतही ते दिसतं. चुन्याचा जाड थर सीटीत असतो त्याहून मोठा दिसतो, म्हणून अरुंदपणाही जास्त वाटू शकतो. रेडिओलॉजिस्ट पडद्यावरचा काळ्या-पांढऱ्याचा पल्ला वाढवून मोजतो, म्हणजे चुन्याची चमक कमी होते. खूप वजन उतरलेल्या माणसात महाधमनी आणि एसएमए यांच्यातली चरबी संपून ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, त्यांच्यात चिमटतं, जेवल्यावर दुखतं, उलट्याही होतात. बाजूनं घेतलेल्या चित्रात तेही त्याच वेळी कळतं. धमन्या अगदी स्वच्छ निघाल्या तर शोध इथे थांबत नाही, पोटाच्या डॉक्टरांकडे परत जायचं. आणि थर दिसला तर खर्रा त्याच दिवशी बंद, कारण स्टेंट टाकून उघडलेली धमनीही तंबाखू पुन्हा बंद पाडते.

निघताना फिल्मवर समाधान मानू नका. फिल्मवर सहसा पाच मिलिमीटर जाडीचे काप छापतात, आणि एसएमए सगळी मिळून सहा-आठ मिलिमीटर रुंद. तिच्या तोंडाचा अरुंद भाग अशा कापात हरवून जातो. एक मिलिमीटरचे काप, तिन्ही फेऱ्यांचे, बाजूच्या चित्रांसह सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर डायकॉम, म्हणजे मशीनच्या मूळ चित्रांच्या, स्वरूपात मागा आणि देण्याआधी तिथल्याच संगणकावर उघडून दाखवायला सांगा. पुढे स्टेंट टाकणारा डॉक्टर धमनीचा कोन, लांबी आणि रुंदी त्याच कापांवरून स्वतः मोजतो. ते नसले तर मामाजींना पुन्हा टेबलावर झोपवून दुसऱ्यांदा डाय द्यावा लागतो.